जॉन स्टाइनबेक

जॉन अर्न्स्ट स्टाइनबेक (२७ फेब्रुवारी १९०२ – २० डिसेंबर १९६८) हे अमेरिकन कादंबरीकार, कथाकार व वृत्तपत्रीय लेखक होते. ‘ऑफ माइस अँड मेन’ (१९३७), ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) आणि ‘ईस्ट ऑफ ईडन’ (१९५२) या त्यांच्या सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्या होत. १९४० मध्ये त्यांना पुलित्झर पारितोषिक आणि १९६२ मध्ये साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. कॅलिफोर्नियातील सलीनास खोरे, तेथील शेतमजूर, भटके कामगार आणि किनाऱ्यावरील गरीब वस्त्या हा त्यांच्या लेखनाचा मुख्य प्रदेश होता.

कादंबऱ्या लिहीत असताना स्टाइनबेक यांनी ठेवलेल्या दैनंदिन नोंदींनाही साहित्याच्या अभ्यासात महत्त्वाचे स्थान आहे. त्यांच्या मृत्यूनंतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या या नोंदींतून, मोठी कादंबरी लिहिणारा लेखक रोज काय करतो, त्याचे लेखन कशामुळे अडते आणि अडलेले लेखन तो पुन्हा कसे सुरू करतो, याचा तपशीलवार वृत्तांत मिळतो. लेखन खुंटण्याची भीती स्टाइनबेक यांना जन्मभर राहिली. तिच्यावर त्यांनी शोधलेले उपाय साधे होते. त्या उपायांनी त्यांना दोन मोठ्या कादंबऱ्या पूर्ण करता आल्या, परंतु प्रत्येक वेळी ते उपयोगी पडले नाहीत.

बालपण व शिक्षण

स्टाइनबेक यांचा जन्म कॅलिफोर्नियातील सलीनास या गावी झाला. त्यांचे वडील पुढे माँटरे परगण्याचे कोषाधिकारी झाले. आई ऑलिव्ह हॅमिल्टन या पूर्वाश्रमीच्या शाळाशिक्षिका होत्या. जॉन हे चार भावंडांतील एकुलते एक मुलगे. घरात वाचनाचे वातावरण होते. ते नऊ वर्षांचे असताना मावशीने त्यांना टॉमस मॅलरी याच्या आर्थर राजाच्या कथांची एक प्रत भेट दिली. जुन्या इंग्रजी वळणाच्या या पुस्तकाने त्यांना शब्दांची गोडी लागली आणि त्या कथांचे वेड त्यांना अखेरपर्यंत राहिले. किशोरवयातच त्यांनी लेखक होण्याचे ठरवले होते. घराच्या वरच्या मजल्यावरील आपल्या खोलीत बसून ते कथा लिहीत.

१९१९ मध्ये त्यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात प्रवेश घेतला. मधूनमधून शिक्षण सोडून ते साखर कंपनीच्या शेतांवर आणि इतर ठिकाणी अंगमेहनतीची कामे करीत. त्या कामांतून त्यांना मजुरांचे जगणे जवळून पाहावयास मिळाले. विद्यापीठात एडिथ मिरिलीझ यांच्याकडे त्यांनी कथालेखनाचे धडे घेतले. पदवी न घेताच १९२५ मध्ये त्यांनी विद्यापीठ सोडले आणि ते न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांनी बांधकामावर मजुरी केली व काही काळ वृत्तपत्रात बातमीदार म्हणून काम केले. दोन्हींत यश न आल्याने ते कॅलिफोर्नियास परतले. त्यानंतर टाहो सरोवराकाठच्या एका मालमत्तेची राखण करण्याचे काम त्यांनी पत्करले. हिवाळ्यात बर्फामुळे त्या भागात माणसांची ये-जा जवळजवळ थांबत असे. त्या एकांतात त्यांनी आपली पहिली कादंबरी पूर्ण केली.

आरंभीची वर्षे

‘कप ऑफ गोल्ड’ ही पहिली कादंबरी १९२९ च्या ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाली. दोनच महिन्यांत न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला आणि महामंदीस प्रारंभ झाला. पुस्तकाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९३० मध्ये त्यांचा कॅरल हेनिंग यांच्याशी विवाह झाला. पॅसिफिक ग्रोव्ह येथे कुटुंबाच्या मालकीची एक छोटी बंगली होती. तेथे ते दोघे बिनभाड्याने राहू लागले. वडील दरमहा थोडी रक्कम देत. याच सुमारास सागरी जीवशास्त्रज्ञ एड रिकेट्स यांच्याशी त्यांची मैत्री जुळली. माँटरे येथील रिकेट्स यांची प्रयोगशाळा हे स्टाइनबेक यांचे दुसरे घरच झाले. माणसांच्या समूहाकडे निसर्गातील इतर जीवसमूहांप्रमाणे पाहण्याची त्यांची दृष्टी या सहवासात घडली.

‘द पाश्चर्स ऑफ हेवन’ (१९३२) व ‘टू अ गॉड अननोन’ (१९३३) ही पुस्तकेही आर्थिकदृष्ट्या अपयशी ठरली. १९३३ मध्ये आईला पक्षाघाताचा झटका आला आणि स्टाइनबेक दांपत्य शुश्रूषेसाठी सलीनासच्या घरी राहावयास गेले. पुढे वडिलांची प्रकृतीही ढासळली. आजारी माणसाच्या खोलीबाहेर टेबल मांडून, मध्येच उठून सेवा करीत आणि पुन्हा येऊन वाक्य पुरे करीत त्यांनी या काळात लेखन चालू ठेवले. ‘द रेड पोनी’मधील आरंभीच्या कथा आणि ‘टॉर्टिया फ्लॅट’ ही विनोदी कादंबरी या दिवसांतील होत. लेखनास अनुकूल वेळ व निवांतपणा लाभल्यावर लिहू, ही सबब त्यांना येथेच सोडावी लागली.

‘टॉर्टिया फ्लॅट’ अनेक प्रकाशकांनी नाकारली होती. अखेर पास्कल कोविची या प्रकाशकाने ती स्वीकारली व १९३५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यापूर्वी काही दिवस वडिलांचे निधन झाले होते आणि आई त्याआधीच्या वर्षी गेली होती. मुलाचे पहिले यश दोघांनाही पाहता आले नाही. कोविची मात्र पुढे जवळजवळ तीस वर्षे त्यांचे संपादक व मित्र राहिले.

१९३६ मध्ये ‘ऑफ माइस अँड मेन’चा पहिला खर्डा तयार होत असताना घरातील टोबी नावाच्या कुत्र्याच्या पिल्लाने एका रात्री हस्तलिखिताचा सुमारे अर्धा भाग फाडून टाकला. दुसरी प्रत नव्हती. दोन महिन्यांचे काम वाया गेले. स्टाइनबेक यांनी तो भाग पुन्हा लिहून काढला. १९३७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या छोट्या कादंबरीला मोठा वाचकवर्ग लाभला आणि तिचे नाट्यरूपही गाजले.

लेखनाच्या सवयी

स्टाइनबेक हाताने लिहीत. जमाखर्चाच्या मोठ्या वह्या त्यांना विशेष आवडत. त्यांचे अक्षर अतिशय बारीक असल्याने एका पानावर पुष्कळ मजकूर मावत असे. आरंभीच्या पुस्तकांच्या टंकलिखित प्रती कॅरल तयार करीत. टंकन करताना त्या चुका दुरुस्त करीत आणि कोणता भाग सैल पडला आहे हेही स्पष्टपणे सांगत.

लेखनसाधनांविषयी ते कमालीचे चोखंदळ होते. ते पेन्सिलीने लिहीत आणि सकाळी कामाला बसण्यापूर्वी पेन्सिलींचा मोठा संच टोक करून तयार ठेवीत. ब्लॅकविंग व माँगोल या त्यांच्या आवडीच्या पेन्सिली होत्या. दिवसभर लिहिल्यावर षट्कोनी पेन्सिलीच्या कडा बोटांना रुतत, म्हणून ते गोल पेन्सिली शोधत. मागच्या रबराची धातूची पट्टी हाताला लागू लागली की ते ती पेन्सिल बाजूला टाकत. विजेवर चालणारे टोकयंत्र ही त्यांची अतिशय लाडकी वस्तू होती. कोणत्या दिवशी कोणत्या जातीची पेन्सिल हाताला बरी वाटली, याचीही चर्चा त्यांच्या नोंदींत आढळते.

हा केवळ छंद नव्हता. स्वच्छ टेबल, टोकदार पेन्सिली, आवडीचे संगीत आणि त्यानंतर रोजनिशीची एखादी नोंद, असा त्यांचा क्रम ठरलेला असे. या तयारीमुळे मनाला कामाकडे वळण्यास अवधी मिळे. या तयारीचा उपयोग काम टाळण्यासाठीही होतो, हे त्यांना ठाऊक होते आणि त्याबद्दल ते स्वतःला वारंवार बजावत. सुतारकाम, बागकाम आणि घरगुती उपयोगाच्या वस्तू बनवणे यांतही ते रमत. कादंबरीतील पुढचा प्रसंग मनात जुळेपर्यंत हातांना काही तरी काम हवे, अशी त्यांची धारणा होती.

‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’चे लेखन

१९३० च्या दशकात दुष्काळ, धुळीची वादळे व कर्जबाजारीपणा यांमुळे ओक्लाहोमा आणि आसपासच्या राज्यांतील लक्षावधी शेतकरी देशोधडीला लागले. त्यांतील अनेक कुटुंबे कामाच्या शोधात कॅलिफोर्नियात आली. १९३६ मध्ये ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’ या वृत्तपत्राने या मजुरांवर लेख लिहिण्याचे काम स्टाइनबेक यांच्याकडे सोपवले. त्यासाठी ते छावण्यांतून हिंडले. सरकारी छावणीचे व्यवस्थापक टॉम कॉलिन्स यांनी त्यांना आपल्या अहवालांतील विपुल माहिती दिली. १९३८ च्या प्रारंभी व्हिसेलिया परिसरात पूर आला, तेव्हा पाण्याने वेढलेल्या तंबूंत उपासमारीने गांजलेली कुटुंबे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली.

या अनुभवाला कादंबरीचे रूप देण्याचे त्यांचे पहिले प्रयत्न फसले. त्यांपैकी एक, सलीनास येथील लेट्यूस या सॅलड भाजीच्या मजुरांच्या संपावर आधारलेली उपहासात्मक कादंबरी, जवळजवळ पूर्ण झाली होती. ती वाचल्यावर त्यांना जाणवले, की तिच्यात संताप आहे, परंतु माणसांविषयीची समज नाही. प्रकाशकाला पुस्तकाची कल्पना दिलेली असतानाही १९३८ च्या मे महिन्यात त्यांनी हस्तलिखित नष्ट केले. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांनी नवी कादंबरी आणि तिच्याबरोबरची रोजनिशी, दोन्हींना आरंभ केला.

ही रोजनिशी ३१ मे ते २६ ऑक्टोबर १९३८ या पाच महिन्यांची आहे. कामाचे दिवस सुमारे शंभर भरतात. तेवढ्या अवधीत सुमारे दोन लाख शब्दांची कादंबरी हाताने लिहून झाली. दिवसाला साधारण दोन हजार शब्द, असा त्यांचा संकल्प होता. प्रत्येक दिवशी प्रथम रोजनिशीत काही ओळी लिहावयाच्या आणि मगच कादंबरीकडे वळावयाचे, हा नियम होता. नोंदींत हवामान, पाहुणे, प्रकृती, पैशाचे व्यवहार असे सर्व काही येते. मनातील गलबला तेथे उतरवून झाला, की कादंबरीच्या पानासाठी मन मोकळे होत असे.

या पाच महिन्यांत अडथळ्यांची कमतरता नव्हती. लॉस गॅटोस येथील घराशेजारी बांधकामाचे ठोके चालू असत. कॅरल यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. नवी जागा विकत घेण्याचे व्यवहार चालू होते. त्यातच कोविची यांची प्रकाशनसंस्था दिवाळखोरीत गेली. याहून मोठा अडथळा स्टाइनबेक यांच्या मनात होता. आपण खरे लेखक नाही, आपण स्वतःला व इतरांना फसवत आहोत, हे पुस्तक आपल्या कुवतीबाहेरचे आहे, ही शंका नोंदींत सातत्याने येते. पुस्तक संपत आले तरी ती कमी झालेली दिसत नाही. अशा दिवशीही नोंदीचा शेवट बहुधा त्या दिवसाच्या कामाच्या उल्लेखाने होतो. संपूर्ण कादंबरीचा विचार केला की ते घाबरत, म्हणून त्यांनी विचाराची मर्यादा एका दिवसाच्या पानांपुरती ठेवली. शंका दूर झाल्यावर लिहिण्याऐवजी शंकेसह लिहिण्याचा मार्ग त्यांनी स्वीकारला.

कादंबरीचे शीर्षक कॅरल यांनी सुचवले. ते ज्युलिया वॉर्ड हाऊ यांच्या अमेरिकन यादवी युद्धकाळातील गीतावरून घेतलेले आहे. १४ एप्रिल १९३९ रोजी व्हायकिंग प्रेसने पुस्तक प्रसिद्ध केले, कारण कोविची आता त्या संस्थेत रुजू झाले होते. पुस्तक कॅरल व टॉम या दोघांना अर्पण केलेले आहे. १९३९ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेली ही कादंबरी होती. कॅलिफोर्नियातील बड्या शेतमालकांच्या संघटनेने तिच्याविरुद्ध प्रचार केला. ज्या कर्न परगण्यात कथेचा बराच भाग घडतो, तेथील ग्रंथालये व शाळांतून तिच्यावर बंदी घालण्यात आली. १९४० मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी जॉन फोर्ड दिग्दर्शित चित्रपट प्रदर्शित झाला.

यशानंतरचा काळ

या कादंबरीने स्टाइनबेक यांना कीर्ती व पैसा दिला, परंतु त्यांची शक्ती संपवली. पत्रांचा, विनंत्यांचा व धमक्यांचा ओघ सुरू झाला. कादंबरी हा प्रकारच आपल्यापुरता संपला आहे, असे त्यांना काही काळ वाटू लागले. १९४० च्या मार्च-एप्रिलमध्ये ते रिकेट्स यांच्यासह ‘वेस्टर्न फ्लायर’ या मासेमारी नौकेतून कॅलिफोर्नियाच्या आखातात गेले. किनाऱ्यावरील जलचरांचे नमुने गोळा करण्याची ही मोहीम होती. तिच्यावरील ‘सी ऑफ कोर्टेझ’ हा ग्रंथ दोघांच्या नावे १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखनाचा एक प्रकार अडला की दुसऱ्याकडे वळावयाचे, ही त्यांची रीत येथून स्पष्ट दिसते. पुढील काळात त्यांनी नाट्यरूपे, चित्रपटकथा, युद्धवार्ता व प्रवासवृत्ते लिहिली.

कॅरल यांच्याशी घटस्फोट झाल्यावर १९४३ मध्ये त्यांचा विवाह ग्विंडोलिन काँगर यांच्याशी झाला. त्यांना दोन मुलगे झाले. त्याच वर्षी त्यांनी ‘न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून’साठी युरोपातून युद्धवार्ता पाठवल्या. ‘कॅनरी रो’ (१९४५), ‘द पर्ल’ (१९४७) व ‘द वेवर्ड बस’ (१९४७) ही पुस्तके या काळातील होत. छायाचित्रकार रॉबर्ट कापा यांच्यासह केलेल्या सोव्हिएत संघाच्या प्रवासाचे वृत्त १९४८ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९४८ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील सर्वांत कठीण वर्षांपैकी एक ठरले. मे महिन्यात रेल्वेमार्ग ओलांडताना रिकेट्स यांच्या मोटारीला आगगाडीची धडक बसली आणि काही दिवसांत त्यांचे निधन झाले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत ग्विंडोलिन यांनी घटस्फोट मागितला. स्टाइनबेक एकटेच पॅसिफिक ग्रोव्हच्या जुन्या बंगलीत परतले. सलीनास खोऱ्याच्या इतिहासावरील मोठ्या कादंबरीसाठी त्यांनी जुन्या वृत्तपत्रांतून टिपणे काढली होती, परंतु कादंबरी पुढे सरकेना. ते बाग खणत, घराची डागडुजी करीत आणि एमिलियानो झापाटा या मेक्सिकन क्रांतिकारकावरील चित्रपटाच्या पटकथेवर काम करीत. १९४९ मध्ये त्यांची ईलेन स्कॉट यांच्याशी ओळख झाली. १९५० च्या डिसेंबरमध्ये दोघांचा विवाह झाला. त्याच वर्षी रंगभूमीवर आलेले त्यांचे ‘बर्निंग ब्राइट’ हे नाटक थोड्याच प्रयोगांत बंद पडले होते. नव्या कादंबरीकडे ते वळले ते या अपयशाच्या पाठोपाठ.

‘ईस्ट ऑफ ईडन’ व पत्ररूप रोजनिशी

१९५१ च्या आरंभी न्यूयॉर्कमधील नव्या घरात स्टाइनबेक यांनी सलीनास खोऱ्याची कादंबरी हाती घेतली. तिच्यासाठी त्यांनी कोविची यांनी दिलेली एक मोठी वही वापरली. वहीच्या उजव्या पानावर कादंबरीचा मजकूर असे आणि डाव्या पानावर कोविची यांना उद्देशून पत्र. २९ जानेवारी ते १ नोव्हेंबर १९५१ या काळात पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत प्रत्येक कामाच्या दिवसासाठी असे एक पत्र लिहिले गेले.

पूर्वीच्या रोजनिशीपेक्षा या पद्धतीत एक महत्त्वाचा बदल होता. १९३८ मध्ये ते स्वतःशीच बोलत होते. आता समोर एक ओळखीचा, विश्वासाचा माणूस होता. अनोळखी असंख्य वाचकांचा विचार केला की लेखकाची वाचा बसते, असे त्यांचे मत होते. त्याऐवजी एकच वाचक निवडावा आणि त्यालाच उद्देशून लिहावे. कोविची हे त्या पत्रांचे वाचक होते. कादंबरीसाठी त्यांनी आरंभी आपल्या दोन लहान मुलांना डोळ्यांसमोर ठेवले होते. मुले आईकडे राहत असल्याने त्यांच्याशी रोजचा सहवास नव्हता. आपले पूर्वज, आपले खोरे आणि चांगल्या-वाईटाविषयीची आपली समजूत मुलांपर्यंत पोचवावी, ही इच्छा कादंबरीच्या मुळाशी होती. म्हणूनच आईच्या हॅमिल्टन कुटुंबाची खरी हकीकत आणि ट्रास्क कुटुंबाची काल्पनिक कथा तिच्यात एकत्र आली आहे.

पत्रांत पेन्सिली, टेबलाचा उतार, सुतारकाम, मुलांच्या भेटी आणि आदल्या रात्रीची झोप यांबरोबरच कथेच्या रचनेविषयीचे मूलभूत विचार येतात. पुढील प्रसंगात काय घडणार, त्याचा वेग कोणता असावा, एखादे पात्र अपेक्षेप्रमाणे का वागत नाही, याची चर्चा ते आधी डाव्या पानावर करीत. त्यामुळे उजव्या पानाकडे वळताना कोऱ्या कागदाची भीती उरत नसे. आपण लिहीतच आहोत, एवढा भरवसा हाताला आलेला असे. काही दिवशी कादंबरीचे पान लिहून होत नाही आणि पत्रच लांबते. असे दिवसही वहीत प्रामाणिकपणे नोंदलेले आहेत. घाई वाढली की ते मुद्दाम वेग रोखत, कारण पुस्तक संपवण्याची उतावीळ हीसुद्धा लेखनाला मारक असते, असा त्यांचा अनुभव होता.

काम चालू असतानाच त्यांनी कोविची यांच्यासाठी लाकडी पेटी कोरून तयार केली. कादंबरी पूर्ण झाल्यावर हस्तलिखित त्या पेटीतून त्यांना देण्यात आले. पुस्तकाची अर्पणपत्रिकाही या पेटीविषयीच आहे. कादंबरी १९५२ च्या सप्टेंबरमध्ये प्रसिद्ध झाली. काही समीक्षकांना ती पसरट वाटली, परंतु वाचकांनी तिचे स्वागत केले. स्टाइनबेक स्वतः तिला आपले सर्वांत महत्त्वाचे पुस्तक मानत.

लेखन खुंटण्याविषयीचे विचार

स्टाइनबेक यांनी लेखनकलेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला नाही. मित्रांना लिहिलेल्या पत्रांतून व रोजनिशींतून त्यांचे विचार एकत्र करावे लागतात. त्यांचा मुख्य आशय पुढीलप्रमाणे सांगता येतो.

पुस्तक कधी तरी पूर्ण होईल हा विचार सोडून द्यावा आणि रोज एक पान लिहावे. पुस्तक संपते तेव्हा लेखकालाच आश्चर्य वाटते. पहिला खर्डा शक्य तितक्या सलग व वेगाने लिहावा आणि तो पूर्ण होईपर्यंत मागे वळून दुरुस्ती करू नये. मध्येच केलेली दुरुस्ती ही पुष्कळदा पुढे न जाण्याची सबब असते. एकाच वाचकाला, खऱ्या किंवा कल्पित, उद्देशून लिहावे. एखादा प्रसंग जमत नसेल तर तो ओलांडून पुढे जावे आणि नंतर परत यावे. कदाचित तो प्रसंग मुळात पुस्तकाचा नसल्यामुळेच अडत असेल. एखादा भाग लेखकाला अतिशय प्रिय वाटू लागला, तर त्याकडे संशयाने पाहावे. संवाद लिहिताना ते मोठ्याने उच्चारून पाहावेत.

हे सर्वांना लागू पडणारे नियम आहेत, असा दावा त्यांनी केला नाही. प्रत्येक नवे पुस्तक सुरू करताना पूर्वीचा अनुभव फारसा उपयोगी पडत नाही आणि नवशिकेपण पुन्हा येते, असे ते मानत.

अपूर्ण राहिलेली आर्थरकथा

या पद्धतीची मर्यादा त्यांच्या सर्वांत आवडत्या प्रकल्पात दिसून आली. १९५६ पासून ते मॅलरीच्या आर्थरकथा आधुनिक इंग्रजीत आणण्याच्या कामाला लागले. मॅलरीचे अभ्यासक यूजीन व्हिनाव्हर यांचे त्यांना साहाय्य होते. लाँग आयलंडवरील सॅग हार्बर येथील घराच्या आवारात त्यांनी एकट्यापुरती लहानशी षट्कोनी लेखनकुटी बांधली आणि आर्थरकथेतील लॅन्सलॉटच्या किल्ल्यावरून तिला ‘जॉयस गार्ड’ हे नाव दिले. १९५९ मध्ये ते ईलेन यांच्यासह इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात ब्रुटनजवळच्या एका जुन्या झोपडीवजा घरात अनेक महिने राहिले. निवांतपणा, साधने, अभ्यास आणि विषयाचे प्रेम यांपैकी कशाचीच उणीव नव्हती. आईच्या आजारपणात टेबलावरून उठत-बसत लिहिताना ज्या गोष्टी नव्हत्या, त्या सर्व आता होत्या.

तरीही पुस्तक जमले नाही. पाठवलेला भाग वाचून त्यांच्या साहित्य-प्रतिनिधी एलिझाबेथ ओटिस व मित्र चेस हॉर्टन यांनी निराशा व्यक्त केली. लहानपणापासून ज्या भाषेवर प्रेम केले, तिच्यासमोर स्वतःचा आवाज सापडत नाही, ही अडचण रोज एक पान लिहून सुटणारी नव्हती. त्यांनी काम बाजूला ठेवले, नंतर ते पुन्हा हाती घेण्याचा प्रयत्न केला, परंतु ते पूर्ण झाले नाही. हा अपूर्ण ग्रंथ, त्याविषयीच्या पत्रांसह, १९७६ मध्ये हॉर्टन यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला.

नोबेल पारितोषिक व अखेरची वर्षे

आर्थरकथा थांबल्यावर स्टाइनबेक यांनी १९६० मध्ये ‘द विंटर ऑफ अवर डिस्कंटेंट’ ही कादंबरी लिहिली. ती १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली व त्यांची अखेरची कादंबरी ठरली. त्याच १९६० मध्ये ते चार्ली नावाच्या कुत्र्यासह एका खास बनवून घेतलेल्या मालमोटारीतून अमेरिकेच्या प्रवासाला निघाले. ज्या देशाविषयी आपण लिहितो तो आपण बऱ्याच काळात पाहिलेला नाही, ही जाणीव या प्रवासामागे होती. त्याचे वृत्त ‘ट्रॅव्हल्स विथ चार्ली’ या नावाने १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले.

१९६२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले. अमेरिकेतील काही समीक्षकांनी या निवडीवर उघड टीका केली. त्यांची उत्तम पुस्तके दोन दशकांपूर्वीची आहेत, असा टीकेचा रोख होता. स्टाइनबेक यांना ही टीका लागली. या पारितोषिकानंतर लेखक बहुधा मोठे काही लिहीत नाही, ही शंका त्यांच्याही मनात होती आणि त्यांच्या बाबतीत ती खरी ठरली. त्यानंतर त्यांनी एकही कादंबरी पूर्ण केली नाही. १९६४ मध्ये कोविची यांचे निधन झाले आणि त्यांचा सर्वांत जवळचा वाचक गेला. ‘अमेरिका अँड अमेरिकन्स’ (१९६६) हा निबंधसंग्रह आणि ‘न्यूजडे’ या वृत्तपत्रासाठी व्हिएतनाममधून पाठवलेली वार्तापत्रे हे त्यांचे अखेरचे महत्त्वाचे लेखन होय. व्हिएतनाम युद्धाला त्यांच्या वार्तापत्रांतून दिसलेल्या पाठिंब्यामुळे अनेक जुने चाहते नाराज झाले.

२० डिसेंबर १९६८ रोजी न्यूयॉर्क येथे हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांच्या अस्थी सलीनास येथील दफनभूमीत कुटुंबीयांशेजारी पुरण्यात आल्या.

मूल्यमापन व वारसा

स्टाइनबेक यांच्या लेखनावर भावविवशता व ढोबळ प्रतीकयोजना यांचे आक्षेप घेतले गेले. तथापि मंदीच्या काळातील श्रमिकांचे जीवन साहित्यात आणण्याचे त्यांचे कार्य सर्वमान्य आहे. त्यांच्या कादंबऱ्या अमेरिकेतील शाळा-महाविद्यालयांत आजही अभ्यासल्या जातात. ज्या सलीनासमध्ये एके काळी त्यांच्याविषयी रोष होता, तेथेच १९९८ मध्ये त्यांच्या नावाचे राष्ट्रीय स्टाइनबेक केंद्र उघडण्यात आले.

कोविची यांना लिहिलेली पत्रे ‘जर्नल ऑफ अ नॉव्हेल’ या नावाने १९६९ मध्ये, तर १९३८ ची रोजनिशी रॉबर्ट डीमॉट यांच्या संपादनाखाली ‘वर्किंग डेज’ या नावाने १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. स्फूर्ती आली की लेखक लिहितो, या रूढ समजुतीला या दोन पुस्तकांनी छेद दिला. ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ वाचताना जो ठाम स्वर ऐकू येतो, तो लिहिणाऱ्या माणसाला त्या काळात स्वतःविषयी कोणताही ठामपणा वाटत नव्हता, हे रोजनिशीमुळे कळते. नव्याने लिहू लागलेल्यांना ही पुस्तके मार्गदर्शक वाटतात, ती मुख्यतः याच कारणासाठी.

निवडक ग्रंथसंपदा

कप ऑफ गोल्ड (१९२९)
द पाश्चर्स ऑफ हेवन (१९३२)
टू अ गॉड अननोन (१९३३)
टॉर्टिया फ्लॅट (१९३५)
इन ड्युबियस बॅटल (१९३६)
ऑफ माइस अँड मेन (१९३७)
द ग्रेप्स ऑफ रॉथ (१९३९)
सी ऑफ कोर्टेझ (एड रिकेट्स यांच्यासह, १९४१)
कॅनरी रो (१९४५)
द पर्ल (१९४७)
ईस्ट ऑफ ईडन (१९५२)
द विंटर ऑफ अवर डिस्कंटेंट (१९६१)
ट्रॅव्हल्स विथ चार्ली (१९६२)
जर्नल ऑफ अ नॉव्हेल (मरणोत्तर, १९६९)
वर्किंग डेज (मरणोत्तर, १९८९)